कौल

ओतिलिया नाउएलकिन दारोदार फिरू लागली
तेव्हा वाटलं, वर्गणी.
समितीचा खजिनदार मी,
पावतीपुस्तक काढून बसलोसुद्धा.
ती म्हणाली, पैसे नकोत.
घरटी एक लाकडी कौल द्या,
भिंतीवरचं, राखाडी पडलेलं,
खिळ्याच्या भोकासकट.

चिलोए बेटावर भिंतीही कौलारू असतात,
माशाच्या खवल्यांसारख्या.
एक काढलं की आत वारा शिरतो.
तरी लोकांनी दिली.

शाळेची भिंत रंगवायची ठरली होती, जत्रेआधी.
सॅमनवाल्या कंपनीने रंग देऊ केला,
चाळीस डबे, वर शिडी,
वर सगळ्या गावाला जेवण.
अट एवढीच: कोपऱ्यात त्यांचा मासा. हसरा.
फुकट ते पौष्टिक, सभेत मीच म्हणालो.

ओतिलियाने पिशवी टेबलावर उपडी केली:
पिंजऱ्यांच्या निळ्या दोराचा गुंता,
थर्मोकोलचा चुरा,
माशांच्या औषधाचं पाकीट, अक्षरं झिजलेलं.
सकाळच्या एका फेरीत सापडलं, म्हणाली.
मग सगळं परत भरलं, एक एक दाणा वेचून,
आणि गेली.
टेबलावर थोडी वाळू राहिली.
मासा आता शेजारच्या गावात हसतो,
नऊ फूट.

ती चुलीत सळई तापवायची
आणि प्रत्येक कौलावर डागायची एक नाव:
त्या घराच्या आटलेल्या पाण्याचं.
लंगड्याचा ओहोळ.
दोन बहिणींचा झरा.
बाऊदिलिया रेमोल्कोयने सांगितलं, कोंबडी बुडाली ते.
म्हातारा आर्सेनियो आणि त्याची बायको
नावावरून दोन तास भांडले;
त्यांचं कौल दोन्ही बाजूंनी जळलंय,
तिची बाजू भिंतीकडे.

पाणी कुठे गेलं हे कुणी विचारलं नाही.
वर दलदलीत शेवाळ होतं, गुडघाभर,
हिवाळ्याचा पाऊस पिऊन
उन्हाळाभर थेंब थेंब सोडणारं.
ते आम्हीच ओरबाडलं.
कुंपणावर वाळवलं, पोत्यांत दाबलं,
बोटीत चढवलं.
परदेशात कुणाच्या तरी ऑर्किडच्या मुळाशी
ते अजून ओलं असेल.
माझ्या मुलीच्या दातांची तार
त्या पोत्यांतून आली.
सरळ दात आहेत आता. छान हसते.
हे मी कुठल्याच वहीत मांडलेलं नाही.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडे आली.
तुझ्या आईच्या झऱ्याचं नाव?

आई तिथे लोकर धुवायची.
मी पोटावर पडून प्यायचो,
कपाळात कळ जाईस्तोवर गार.
काठावरचा दगड आठवला, त्याची चीर आठवली,
चिरेतला खेकडा.
नाव येईना.
आम्ही नाव घेतलंच नव्हतं कधी.
आई म्हणायची, जा, तिकडून बादली भरून आण.
तिकडे.

काही बोलली असती तर बरं झालं असतं.
तिने सळई चुलीत सारली,
लाल होईपर्यंत थांबली,
आणि तेच लिहिलं.
जळक्या लाकडाचा वास
माझ्या कोटाला दोन दिवस होता.

जत्रा झाली. बटाटे, अकॉर्डियन,
मेंढीचं मटण वर्गणीतून, जरा चिवट.
भाषण करायला ओतिलियाला बोलावलं
तर ती शिडी परत द्यायला गेलेली.

मंगळवारी नगरपालिकेचा टँकर येतो.
शाळेसमोर उभा राहतो, वळायला जागा तिथेच आहे.
ड्रायव्हर नवा होता, बेटाबाहेरचा.
पाइप पिंपात सोडून
वेळ जावा म्हणून मोठ्याने वाचू लागला:
लंगड्याचा ओहोळ. दोन बहिणींचा झरा.
रांगेतली माणसं गप्प झाली,
आपलं नाव आलं की कुणीतरी मान हलवायचं,
हजेरी घेतल्यासारखी.

मग त्याने वाचलं, तिकडे.

आणि त्याला वाटलं बाण असेल, पाटी असेल;
त्याने मान वळवून पाहिलं.
रांगेनेही पाहिलं,
शाळेच्या मागे, वर,
जिथे काही नाही.

पाइपातून पाणी पडतच होतं.
मी माझं पिंप पुढे सरकवलं.